कासवाचं पिल्लू समुद्राकडेच का जातं? एका प्रश्नाची चार उत्तरं

गोव्यात मोरजीला, किंवा तिकडे काणकोणात आगोंद-गालजीबागला, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी फुटायचा सीझन असतो तेव्हा कुंपण घातलेल्या घरट्यांपाशी माणसं जमतात, आणि वाळूतून ती दोन बोटांएवढी काळपट पिल्लं वर येऊन पाण्याच्या दिशेनं सरपटायला लागली की कोणी ना कोणी विचारतंच, ह्यांना कळतं कसं हो समुद्र कुठंय ते? मग उत्तरं सुरू होतात. एक काका म्हणतात पाण्यावरचा उजेड बघून जातात. दुसरे म्हणतात रक्तातच असतं ते, कोणी शिकवावं लागत नाही. एक बाई म्हणतात, नाही गेली तर कावळे-कुत्रे ठेवतील काय त्यांना? आणि कॉलेजातला एखादा मुलगा म्हणतो, सगळ्याच समुद्री कासवांची पिल्लं असंच करतात, पूर्वापार. मग थोडी वादावादी. मला हा वाद फार आवडतो, कारण चौघंही बरोबर असतात, फक्त चौघं चार वेगळ्या प्रश्नांना उत्तर देत असतात.

प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारं जे शास्त्र आहे, इथॉलॉजी, त्यातला हा गुंता नीट सोडवला निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञानं. १९६३ साली त्यानं एक लेख लिहिला आणि सांगितलं की प्राणी असा का वागतो असं विचारलं की त्यात चार प्रश्न दडलेले असतात. शरीरात आत्ता, ह्या क्षणी नेमकं काय घडतं? हे वागणं त्या जिवाच्या आयुष्यात कसं तयार झालं, जन्मतः आलं की शिकून? असं वागून जगायला किंवा पिल्लं वाढवायला काय फायदा होतो? आणि पूर्वजांकडून हे वागणं कसकसं बदलत इथपर्यंत आलं? ह्या चारांपैकी एकाचं उत्तर मिळालं म्हणजे दुसरं रद्द होत नाही, हे त्याचं म्हणणं, आणि मला विचाराल तर ह्या शास्त्रातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. टिनबर्गनला १९७३ मध्ये नोबेल मिळालं, कॉनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश ह्यांच्याबरोबर. (लोरेन्झ महायुद्धाच्या काळात नाझी पक्षात होता आणि टिनबर्गनला नाझींनी ओलीस म्हणून छावणीत डांबलेलं, तरी युद्धानंतर दोघांची मैत्री पुन्हा जुळली आणि १९६३ चा तो लेख टिनबर्गननं लोरेन्झच्या साठीनिमित्तच लिहिला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो होतो.)

आता चारही प्रश्न पिल्लाला लावून बघू. पहिला, आत्ता काय घडतं. पिल्लं सहसा रात्री वर येतात. मोकळ्या समुद्रावरचं आकाश, चांदणं नसलं तरी, मागच्या झाडांच्या आणि वाळूच्या टेकाडांच्या काळ्या आकारापेक्षा थोडं उजळ असतं, आणि पिल्लाचे डोळे आणि मेंदू असे जुळलेले आहेत की उंच काळ्या आकाराकडे पाठ करायची आणि खालच्या उजळ क्षितिजाकडे जायचं. पाण्यात पोचलं की नियम बदलतो, मग लाटा जिकडून येतात तिकडे तोंड करून पोहायचं, म्हणजे आपोआप किनाऱ्यापासून लांब. आणि अजून आत गेलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिशा दाखवायला मदत करतं. दुसरा प्रश्न, हे आलं कुठून. आई अंडी घालून, वाळू ओढून केव्हाच समुद्रात परतलेली असते, ती पिल्लांना कधी भेटतच नाही, त्यामुळे शिकवायला कोणी नाही, हे जन्मतःच आलेलं आहे. पण म्हणून अनुभवाचा काहीच भाग नाही असंही नाही. मोठी झालेली मादी ज्या किनारपट्टीवर जन्मली त्याच भागात अंडी घालायला येते, आणि त्यासाठी ती लहानपणीच त्या भागाची चुंबकीय खूण मनात साठवत असावी असं संशोधक मानतात. तिसरा प्रश्न, फायदा काय. उजाडायच्या आत पाण्यात पोचलेलं पिल्लू वाळूतले खेकडे, कावळे, कुत्रे आणि सकाळचं ऊन ह्या सगळ्यांतून सुटतं. चौथा, इतिहास. कासवांचे पूर्वज जमिनीवरचे सरपटणारे प्राणी, आणि दहा कोटी वर्षांहून जास्त काळ समुद्रात काढूनसुद्धा कासवाच्या अंड्याला अजून हवा लागतेच, ते पाण्यात गुदमरतं, म्हणून मादीला किनाऱ्यावर यावं लागतं आणि म्हणून पिल्लाला जमिनीवरून पाणी शोधावं लागतं. आईनं पाण्यातच पिल्लं जन्माला घातली असती तर हा सगळा खटाटोप उरलाच नसता.

ह्यात एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. त्या पिल्लाला ह्यातलं काहीही माहीत नसतं. त्याला कावळा माहीत नाही, जीव वाचवायचाय हे माहीत नाही. पूर्वी कधीतरी उजेडाकडे जास्त नीट वळणारी पिल्लं होती आणि कमी नीट वळणारीही होती, हा फरक काही प्रमाणात आईबापाकडून पिल्लांत उतरणारा होता, ज्यांना चटकन पाणी सापडलं त्यातली जास्त जगली, मोठी झाली, त्यांनी अंडी घातली, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं. डार्विनची नैसर्गिक निवड म्हणतात ती एवढीच. आपण बोलताना "पिल्लू जीव वाचवायला समुद्राकडे धावतं" असं सहज म्हणून जातो, बोलायला सोयीचं आहे, मीही म्हणतो, पण त्या वाक्यात फायद्याचा हिशोब पिल्लाच्या डोक्यात घुसवलेला असतो, आणि तो हिशोब पिल्लानं कधीच केलेला नसतो, तो झालेला असतो लाखो पिल्लांच्या जगण्या-मरण्यात.

म्हणूनच किनाऱ्यावरचे दिवे एवढे घातक ठरतात. उजळ बाजूला जा हा नियम कोट्यवधी वर्षं बिनचूक चालला कारण रात्री उजळ बाजू म्हणजे समुद्रच असायचा. आता मागे शॅकचे, हॉटेलांचे, रस्त्याचे दिवे आहेत, आणि पिल्लू तोच नियम अगदी इमानेइतबारे पाळून समुद्राकडे पाठ फिरवतं. पिल्लू मूर्ख नाही, नियम तयार झाला तेव्हा जग वेगळं होतं. आणि पिल्लांना सवय होईल हळूहळू असं जे लोक म्हणतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ह्यात सवय होण्यासारखं काही नाही, पिल्लू आयुष्यात एकदाच वाळूवरून चालतं, त्याला दुसरी संधी नसते. पिढ्यांनी बदल होईल म्हणावं तर कासवाला अंडी घालण्याच्या वयाला यायलाच दहाबारा वर्षं किंवा जास्तच लागतात आणि दिवे तर एका सीझनमध्ये वाढतात. वागणं कशानं चालतं हे कळलं की उपायही कळतो. दिवे झाकायचे, खाली वळवायचे, त्या महिन्यांत किनाऱ्याच्या बाजूचे बंद ठेवायचे.

आता तुम्ही म्हणाल, फायदा काय ह्या प्रश्नाला कोणीही घरबसल्या गोष्ट रचून सांगेल, त्यात शास्त्र कुठं आलं? रास्त शंका आहे. टिनबर्गनचंच उदाहरण घ्या. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळ्या डोक्याचे कुरव जमिनीवर घरटी करतात आणि पिल्लू बाहेर आलं की फुटक्या अंड्याचं टरफल चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. काही सेकंदांचं काम. पण तेवढा वेळ घरटं उघडं राहतं, मग कशाला करायचं? कोणी म्हणेल टरफलाची धार पिल्लाला लागत असेल, कोणी म्हणेल रोगराई होत असेल. टिनबर्गनला वाटलं, अंडं बाहेरून मातकट ठिपक्यांचं असतं पण टरफल आतून पांढरं, ते लांबून दिसून कावळ्यांना घरटं सापडत असेल. मग त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी काय केलं, तर वाळूच्या टेकड्यांवर कुरवांची अंडी मांडली, काहींच्या अगदी जवळ फुटकं टरफल ठेवलं, काहींच्या थोडं लांब, काहींच्या आणखी लांब, आणि कावळे आणि दुसरे कुरव कुठली अंडी आधी पळवतात ते मोजलं. टरफल जितकं जवळ तितकी अंडी जास्त गेली.

पण मग एक अडचण उरते, टरफल इतकं धोक्याचं असेल तर पिल्लू बाहेर येताच ते उचलायला हवं, आणि कुरव तर तासभर किंवा जास्तच थांबतात. का? कारण नुकतं बाहेर आलेलं ओलं पिल्लू शेजारचे कुरव गपकन गिळतात, सुकून त्याच्या अंगावरची लव फुलली की ते गिळायला अवघड होतं. म्हणजे घरट्यापासून हलायचं कधी ह्यात दोन धोक्यांचा तोल आहे. आणि ह्याला अजून एक पुरावा मिळाला तो टिनबर्गनची विद्यार्थिनी एस्थर कलन हिच्याकडून. तिनं कड्यांवरच्या अरुंद कपारीत घरटी करणाऱ्या किटिवेक ह्या कुरवांच्याच नातलग पक्ष्यांचा अभ्यास केला. तिथं कावळे-कोल्हे सहसा पोचतच नाहीत, आणि किटिवेक टरफलं उचलतच नाहीत, तिथंच पडू देतात. एकाच कुळातले दोन पक्षी, एकाला धोका आहे तो झाकाझाक करतो, दुसऱ्याला नाही तो करत नाही. गोष्ट आणि शास्त्र ह्यात फरक पडतो तो इथं. अंदाज असा बांधायचा की तो खोटा ठरायची वाट मोकळी राहील.

आपल्याकडे हे सगळं बघायला लांब जायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी शापोरा नदीच्या काठानं, किंवा मांडवीत चोडण्याला सलीम अली अभयारण्याच्या बाजूला, खारफुटीजवळ चिखलाच्या कडेला गप्प बसून राहा. आधी काहीच दिसणार नाही, आपली चाहूल लागून सगळे बिळात गेलेले असतात. मग एकेक फिडलर क्रॅब, हा चिखलात बीळ करणारा छोटा खेकडा, बाहेर येतो. मादीला दोन छोट्या नांग्या, दोन्हींनी चिखल उचलून तोंडात घालते, खाण्याजोगं गाळून घेते, उरलेल्याची गोळी करून टाकते. नराला मात्र एकच खायची नांगी, दुसरी एवढी अवाढव्य की काही जातींत ती एकटीच अंगाच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त भरते. तिनं खाता येत नाही. म्हणजे जेवायला अर्धा हात कमी, शिवाय एवढं ओझं घेऊन फिरायचं, पक्ष्यांच्या नजरेत भरायचं. नुसत्या जगण्याच्या हिशोबानं ही नांगी घाट्याचीच.

डार्विनला असल्या गोष्टींनी बराच त्रास दिला होता, मोराच्या पिसाऱ्यानं तर फारच. १८७१ च्या पुस्तकात त्यानं सविस्तर उत्तर दिलं की जगून राहणं एवढंच पुरत नाही, जोडीदार मिळवणंही लागतं, आणि जे त्यासाठी उपयोगी ते जगण्याला थोडं महाग पडलं तरी टिकतं. फिडलर क्रॅबचा नर बिळाच्या तोंडाशी उभा राहून ती नांगी ठेक्यात वर-खाली हलवतो, प्रत्येक जातीचा ठेका वेगळा. मादी चिखलावरून फिरत फिरत बघते, एखाद्याजवळ थांबते, बिळात उतरून बीळ कसं आहे ते तपासते, पटलं नाही की पुढे. आणि दोन नरांची बिळावरून जुंपली की तीच नांगी हत्यार.

आता ह्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. मारामारीत नराची मोठी नांगी तुटली तर नवी उगवते. पण काही जातींत ती नवी नांगी पहिल्यासारखी होत नाही, लांबीला तेवढीच होते पण हलकी, आतल्या कडेचे दात नसलेली, पकड कमी. ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस ह्या जातीवर, जी आपल्या हिंदी महासागराच्या काठांवर पसरलेली आहे, पॅट्रिशिया बॅकवेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काम केलं आणि २००० साली दाखवलं की असले नर चक्क थाप मारतात. म्हणजे पुन्हा सांगतो, त्यांना थाप मारतोय हे माहीत असायची गरज नाही. पण समोरच्या नराला लांबून फरक ओळखता येत नाही, मादीलाही येत नाही, हलकी नांगी हलवायला उलट सोपी जाते, आणि प्रत्यक्ष झोंबाझोंबी झाली तरच उघडं पडतं. मग सगळेच नर अशी हलकी नांगी घेऊन का फिरत नाहीत? कारण थापाडे फार झाले तर नांगी बघून माघार घेण्यात अर्थच उरणार नाही, सगळे सरळ भिडायला लागतील, आणि मग खरी दणकट नांगी ज्याच्याकडे तोच जिंकेल. फसवणूक चालते ती बहुतेक जण खरे आहेत तोवरच. ह्याच बाईंनी पुढे ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका जातीत असंही बघितलं की शेजारच्या छोट्या नरावर परका नर चालून आला तर मोठा शेजारी आपलं बीळ सोडून मदतीला जातो. परोपकार वाटेल, पण शेजारी बदलला, आणि तोही दांडगा आला, तर हद्दीचं भांडण पहिल्यापासून सुरू, त्यापेक्षा जुना ओळखीचा कमजोर शेजारी परवडला.

इथपर्यंत सगळं ऐकायला मजेचं आहे. पण ह्या शास्त्रात अशाही गोष्टी आहेत ज्या बघवत नाहीत, आणि त्या टाळून सोपं समजावणं मला पटत नाही. काळ्या तोंडाचे वानर आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. १९६० च्या दशकात क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा आपल्या शेजारीच, धारवाडला, ह्या वानरांचा अभ्यास करत होते. तिथं त्यांनी पाहिलं की बाहेरच्या नरांनी टोळीच्या जुन्या नराला हाकलून टोळी ताब्यात घेतली आणि त्यानंतर माद्यांच्या अंगावर पिणारी पिल्लं मारली गेली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की ही विकृती आहे, जंगल कमी झालं, गर्दी वाढली, म्हणून डोकं फिरलंय. मग सारा हर्डी ही अमेरिकन संशोधक १९७० च्या दशकात राजस्थानात माउंट अबूला आली आणि तिनं वेगळंच मांडलं. पिल्लू पीत असतं तोवर मादी सहसा पुन्हा माजावर येत नाही. नव्या नराला टोळी फार काळ मिळत नाही, त्यालाही कोणीतरी हाकलणारच आहे. आधीच्या नराचं पिल्लू मेलं तर मादी लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू ह्याचं होतं. म्हणजे ही विकृती नसून नराच्या बाजूनं, फक्त नराच्या बाजूनं, फायद्याची गोष्ट आहे.

ह्यावर वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण झालं. लोकांना ते सहनच होईना, प्राणी आपल्याच जातीचं भलं बघतात असं सगळे धरून चालले होते. पण जातीचं भलं ही कल्पनाच इथं कोलमडते, कारण जातीच्या दृष्टीनं बघायचं तर मेलेलं पिल्लू हा निव्वळ तोटा. शेवटी १९९९ मध्ये नेपाळातल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि नंतर त्या माद्यांना झालेल्या पिल्लांचे बाप बहुधा तेच होते. गर्दीनं डोकं फिरलं असतं तर स्वतःची-परक्याची अशी निवड दिसली नसती. आणि हर्डीनं आणखी एक गोष्ट लोकांना बघायला लावली, माद्या काही हातावर हात ठेवून बसत नाहीत. त्या एकजुटीनं नराला अडवतात, आणि बऱ्याचदा एकाहून जास्त नरांशी जुगतात, ज्यामुळे बाप कोण हे कुठल्याच नराला पक्कं ठरत नाही आणि त्यांच्याकडून पिल्लाला धोका कमी होतो. त्याआधीच्या अभ्यासांत माद्यांकडे असं फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं.

हे सांगितलं की हमखास कोणीतरी म्हणतं, म्हणजे निसर्गातच असं आहे तर माणसाचं काय चुकलं? इथं मी अजिबात मागे हटत नाही. एखादं वागणं का टिकलं ह्याचं कारण सांगणं आणि ते वागणं बरोबर आहे म्हणणं ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मलेरिया कसा पसरतो हे समजावणारा डॉक्टर मलेरियाची बाजू घेत नसतो.

दुसऱ्या टोकाला आमच्या काजू-आंब्यावरच्या लाल मुंग्या. काजू काढायला वर चढलेल्या कोणालाही त्यांच्याबद्दल विचारा. रांगेत उभ्या राहून, एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करून दोन पानांच्या कडा जवळ ओढतात, मग दुसऱ्या काही जणी आपल्याच वसाहतीतल्या अळ्या तोंडात धरून आणतात आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमानं पानं शिवतात. त्या अळ्या ते रेशीम स्वतःचा कोश करायला वापरूच शकत नाहीत, सगळं घराला जातं. कामकरी मुंग्या वसाहतीसाठी राबतात, लढतात, मरतात, पिल्लं मात्र राणीची. ज्यांना स्वतःची पिल्लं नाहीत त्यांचं हे वागणं पुढच्या पिढीत जातं कसं? डार्विनलाही हा प्रश्न छळत होता. १९६४ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टननं गणितानं दाखवलं की नातलगांमध्ये आपलीच जनुकं असतात, त्यामुळे नातलगाला होणाऱ्या फायद्याला नात्याच्या जवळिकीनं गुणलं आणि तो आकडा स्वतःच्या तोट्यापेक्षा मोठा आला तर तसं वागणं पसरू शकतं. सख्ख्या भावंडासाठी जास्त, चुलत-मावस भावंडासाठी कमी. मुंगी गणित करत नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको.

पण नात्यानंच सगळं उलगडतं असं मानायचं नाही, आणि हे दाखवणारं फार सुंदर काम आपल्याच देशात झालंय. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर ह्यांनी कितीतरी वर्षं रोपालिडिया मार्जिनाटा ह्या गांधीलमाशीवर घालवली, दक्षिण भारतात घरांच्या वळचणीला, खिडक्यांच्या कोपऱ्यात कागदासारखी घरटी करणारी. हिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच, आणि कामकरी माशी वेळ आली तर राणी होऊ शकते, उडून जाऊन स्वतःचं घरटंही बांधू शकते. वसाहतीत राण्या बदलत राहतात, त्यामुळे कामकरी माश्यांचं ज्या पिल्लांना त्या वाढवतात त्यांच्याशी नातं बऱ्याचदा लांबचंच. तरी राहतात का? गदगकरांनी दिलेलं एक उत्तर असं की एकटीनं घरटं बांधलं आणि मधेच मेली तर अर्धवट वाढलेली सगळी पिल्लं गेली, आतापर्यंतची मेहनत शून्य. गटात राहून अर्धवट वाढवलेली पिल्लं मात्र दुसऱ्या कोणीतरी पुरी करतात. ह्या माश्यांचं आयुष्य लहान आणि पिल्लू वाढायला वेळ, त्यामुळे हा फरक मोठा पडतो.

आणि राणी अगदी शांत, कोणावर दादागिरी नाही. तिला काढून घेतलं की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, बाकीच्या तिला विरोध करत नाहीत, आणि राणी परत आली नाही तर काही दिवसांत तीच अंडी घालायला लागते आणि हळूहळू शांतही होते. ही वारस आधीपासून ठरलेली असते असं प्रयोगांतून दिसलं, माश्यांना ती माहीत असावी असंच त्या वागतात, पण राणी असताना तिच्याकडे बघून ती कोण हे संशोधकांना आधी ओळखता येईना. वय जास्त असलं तर संधी थोडी जास्त, एवढंच. वळचणीला दिसणारं घरटं झाडूनं पाडायच्या आधी हे एकदा आठवावं अशी माझी विनंती आहे, फार त्रास नसेल तर राहू द्या.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगायलाच हवी कारण आतापर्यंतचं वाचून कोणाला वाटेल की प्राण्याच्या प्रत्येक वागण्यात काही ना काही फायदा असतोच. नसतो. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड ल्यूऑन्टिन ह्या दोघांनी १९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञांना ह्यावरून चांगलंच फैलावर घेतलं. काही गोष्टी दुसऱ्या कशाच्या तरी सोबत येतात, काही जुन्या काळचं उरलेलं असतं, काही निव्वळ योगायोग असतो, आणि फायद्याची छान गोष्ट रचता आली म्हणजे ती खरी ठरत नाही.

कोकिळा आणि कावळ्याचं बघा. उन्हाळ्यात आमच्याकडे कोकीळ ओरडायला लागतो (ओरडतो तो काळा नर, मादी तपकिरी ठिपक्यांची), तेव्हा कावळ्यांचीही घरटी चाललेली असतात. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून जाते, ते कावळ्याच्या अंड्यांपेक्षा आधी फुटतं, आणि कावळा ते परकं पिल्लू भरवत बसतो. कोकिळेला फायदा काय हे उघड आहे. पण कावळ्याचं काय? कावळ्यासारखा हुशार पक्षी, माणसाचे चेहरे ओळखणारा, तो फसतो कसा? ह्यात कावळ्याला काय लाभ होतो असं शोधत बसलो तर चुकीच्या वाटेला लागतो, कारण लाभ असेलच असं नाही. एक शक्यता अशी की ओळखायची ताकद अजून निवडीनं घडलेलीच नाही, थोडा काळ जावा लागेल. दुसरी अशी की ओळखणंही फुकट नसतं. अंडी बाहेर टाकायची खोड लागली तर कधीतरी स्वतःचंच अंडं टाकलं जाणार, आणि ज्या घरट्यांत कोकिळेचं अंडं नाहीच, तिथं हा शुद्ध तोटा. शिवाय युरोपातली कोकिळा, म्हणजे कुक्कू, तिचं पिल्लू पाठीनं ढकलून घरट्यातली बाकीची सगळी अंडी बाहेर फेकतं, आपल्या कोकिळेचं पिल्लू तसं करत नाही, कधीकधी कावळ्याची पिल्लंही त्याच्यासोबत वाढतात. नुकसान कमी तर ओळखायची निकडही कमी. तुलनेला चातक आणि पावशा घ्या, दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात आणि दोघांचीही अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखी निळी असतात, त्यामुळे तिथं पूर्वी कधीतरी यजमान पक्षी परकी अंडी फेकत असावेत आणि म्हणून अंड्यांचा रंग जुळत गेला असावा असा अंदाज बांधता येतो.

कावळ्याबाबत ह्या दोन शक्यतांतली कुठली किती खरी हे नुसतं विचार करून ठरणार नाही. पण बघून थोडं कळू शकतं, आणि हे कोणालाही करता येण्यासारखं आहे. ह्या उन्हाळ्यात घराजवळच्या माडावर किंवा आंब्यावर कावळ्याचं घरटं असेल तर झाडावर न चढता, लांबूनच, दुर्बिणीनं लक्ष ठेवा आणि वहीत दोनच गोष्टी लिहा, घरट्यात कोकिळेचं पिल्लू होतं की नाही, आणि कावळ्याची स्वतःची किती पिल्लं उडून गेली. एका घरट्यावरून काही ठरत नाही. गावातल्या दहा-पंधरा जणांनी दोन-तीन उन्हाळे असं लिहून ठेवलं तर कोकिळेचं पिल्लू कावळ्याला नेमकं कितीला पडतं ह्याचा निदान आपल्या गावापुरता अंदाज हातात येईल.